घरातल्या कॉम्प्युटरमध्ये फाइल शेअरिंग: अगदी पहिल्यापासून, आणि पासवर्ड बंद न करता

घरात दोन-तीन कॉम्प्युटर असणं आता काही विशेष राहिलं नाही, बाबांचा डेस्कटॉप असतो, मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप असतो, एखादा जुना लॅपटॉप कपाटावर पडून असतो, आणि तरी या खोलीतले फोटो त्या खोलीत न्यायचे म्हटलं की पेनड्राइव्हची शोधाशोध सुरू होते, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचं. व्हॉट्सॲपवर फोटो फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, क्वालिटी जाते. जीमेलला २५ एमबीची मर्यादा. ड्राइव्हवर टाकलं तर लग्नाचे २० जीबी फोटो आधी इंटरनेटवरून बाहेर जाणार आणि मग परत डाउनलोड होऊन दहा फुटांवरच्या कॉम्प्युटरवर येणार. आणि २०२० च्या जूनपर्यंत अर्धं पुणं जे शेअरइट वापरायचं ते सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यातच गेलं.

खरं तर तुमच्या घरातला राउटर हे काम फुकटात करतो, त्याला इंटरनेटसुद्धा लागत नाही. बाहेर रस्ता खोदताना फायबर तुटली आणि नेट गेलं तरी राउटरला लाईट असेल तोवर घरातल्या घरात फाइल पाठवता येतात. फक्त एकदा नीट सेटिंग करावं लागतं, तेच इथे सांगतोय.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो कारण या लेखात मला सगळ्यात जास्त तीच पटवायची आहे. शेअरिंग चालेना की लोक व्हिडिओ बघतात आणि बऱ्याच व्हिडिओंमध्ये पहिलाच उपाय असतो की पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग ऑफ करा, फायरवॉल बंद करा, परवानगी एव्हरीवनला देऊन टाका. कृपा करून हे करू नका. त्याऐवजी शेअरिंगसाठी एक वेगळा युजर बनवा, पासवर्डसकट. पाच मिनिटं जास्त लागतात आणि पुढची कटकट संपते. का ते पुढे येईलच.

कुठला कॉम्प्युटर फाइल ठेवणार ते ठरवा

सगळ्यांनी सगळ्यांना सगळं शेअर करायचं, असं करू नका, गोंधळ होतो. एक मशीन ठरवा जे देणार, बाकीचे घेणार. शक्यतो डेस्कटॉप, कारण तो एका जागी असतो, केबल लावता येते, डिस्क मोठी असते. या लेखात त्याला मी मेन कॉम्प्युटर म्हणणार आहे.

हिंजवडीच्या किंवा खराडीच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप या भानगडीत आणू नका. एक तर बहुतेक कंपन्यांच्या नियमात ते बसत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याच्यावर व्हीपीएन चालू असलं की बऱ्याचदा सगळा ट्रॅफिक ऑफिसकडे जातो आणि घरातलं नेटवर्क त्याला दिसतच नाही, मग तुम्ही आपल्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसता.

दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर आहेत का?

निम्म्या तक्रारी इथेच असतात. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि त्यात आयपीकॉन्फिग टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. आयपीव्ही४ ॲड्रेस अशी एक ओळ दिसेल, त्याच्यापुढे १९२.१६८.१.१० असा काहीतरी आकडा. हाच त्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. दुसऱ्या मशीनवर पण हेच करा. साध्या घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे दोन्हीकडे सेम हवेत, शेवटचा वेगळा. म्हणजे एकीकडे १९२.१६८.१.१० आणि दुसरीकडे १९२.१६८.१.१४ असेल तर झकास, पुढे चला. १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, केबल किंवा वायफाय आधी बघा.

आता एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असं दिसलं तर? हे पुण्यात फार होतं, कारण इंटरनेटवाला दाराजवळ फायबरचा डबा लावून जातो, त्याचं वायफाय आतल्या बेडरूमपर्यंत पोचत नाही (पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंती असतील तर हॉलच्या बाहेरच येत नाही), मग आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि त्या डब्याला जोडतो. आता घरात दोन राउटर झाले आणि दोघंही आपापलं वेगळं नेटवर्क चालवतायत. अशा वेळी आतल्या राउटरवरच्या लॅपटॉपमधून बाहेरच्या डब्यावरचा कॉम्प्युटर आयपी टाकून उघडतो पण उलटं होत नाही, आणि माणूस चक्रावतो. उपाय असा की दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो चालू करायचा. नसेल तर त्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरशी जुळणारा पण वेगळा करून घ्यायचा, मग त्यातलं डीएचसीपी (मशीन्सना आयपी वाटून देणारी सोय) बंद करायचं आणि पहिल्या डब्यातून आलेली केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या मशीन्सच्या) पोर्टमध्ये घालायची. मग सगळं घर एका नेटवर्कवर येतं.

गेस्ट वायफायवर असाल तरी काम होणार नाही, गेस्ट वायफाय मुद्दामच असं बनवलेलं असतं की त्याच्यावरची मशीन्स घरातल्या बाकी मशीन्सना दिसू नयेत. काही राउटरमध्ये मेन वायफायवरही एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाची खूण चालू असते, ती काढायची.

मेन कॉम्प्युटरवरची तयारी

मी विंडोज ११ धरून सांगतो, विंडोज १० मध्ये पण जवळपास तसंच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मेन मशीन शक्यतो त्याच्यावर ठेवू नका. आणि जुन्या लेखांमध्ये होमग्रुपचा उल्लेख सापडेल, तो शोधत बसू नका, २०१८ मध्येच मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून काढून टाकला.

आधी नाव. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, तिथे रीनेम धिस पीसी. डेस्कटॉप आणि पुढे सहा-सात अगम्य अक्षरं असं नाव असतं, ते बदलून साधं इंग्रजी अक्षरांतलं नाव द्या, १५ अक्षरांच्या आत, मध्ये स्पेस नको. समजा तुम्ही हॉलपीसी ठेवलं. रीस्टार्ट करा.

मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे तुमच्या वायफायच्या किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि नेटवर्क प्रोफाइल पब्लिक आहे का प्रायव्हेट ते बघा. पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. पब्लिक म्हणजे विंडोज असं धरून चालतं की तुम्ही एफसी रोडवरच्या कॅफेत बसलायत, आणि ते कोणालाच आत येऊ देत नाही. उलट लॅपटॉप बाहेर नेलात तर कॅफेच्या वायफायला चुकूनही प्रायव्हेट म्हणू नका.

तिथेच ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज आहे. प्रायव्हेट नेटवर्क्स खाली नेटवर्क डिस्कव्हरी ऑन, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ऑन. पब्लिक खाली दोन्ही ऑफ. सगळ्यात खाली ऑल नेटवर्क्समध्ये पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग आहे, ते ऑनच राहू द्या.

वेगळा युजर, हेच मुख्य काम

आता ते का, ते सांगतो. पासवर्ड बंद केला की तुमच्या वायफायवर जो कोणी आहे तो तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये येऊ शकतो. तुम्ही म्हणाल घरातलेच तर आहेत. पण खरंच तसं आहे का बघा. कर्वेनगरला, कोथरूडला कितीतरी फ्लॅटमध्ये चार पोरं कॉट बेसिसवर राहतात आणि चौघांचं वायफाय एकच असतं, शिवाय त्यांचे मित्र. कुटुंबाच्या घरातसुद्धा वायफायचा पासवर्ड समोरच्या काकूंकडे असतो, त्यांचं नेट बंद पडलं होतं तेव्हा आपणच दिलेला असतो, पाहुण्यांच्या फोनमध्ये असतो, सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडे असतो. त्यातल्या कोणाचा हेतू वाईट असतो असं नाही, पण त्यातल्या एखाद्या लॅपटॉपवर रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ते नेटवर्कवर जे फोल्डर लिहिता येण्यासारखे उघडे सापडतील त्यातल्या फाइलपण लॉक करून टाकतं. आजीचे जुने फोटो स्कॅन करून ठेवलेले असतात हो त्यात, ते परत कुठून आणणार.

आणि आता तर हा शॉर्टकट धड चालतपण नाही. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ या व्हर्जनपासून पासवर्डशिवायचं गेस्ट लॉगिन मायक्रोसॉफ्टने आपणहून बंद करून ठेवलंय, मग तुम्हाला मेसेज येतो की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे गेस्ट ॲक्सेस ब्लॉक केलाय. घरात कसली आली ऑर्गनायझेशन, पण मेसेज तोच येतो. मग लोक रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत शिरतात, ते सेटिंग उलटं करतात, आणि एक सुरक्षित मशीन असुरक्षित करून ठेवतात. एवढ्या खटपटीत दहा युजर बनवून झाले असते.

तर, मेन कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. ईमेल मागेल, तिथे खाली लिहिलेलं असतं की माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही, त्याच्यावर क्लिक करा, पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर ॲड करा असं येतं, ते घ्या. नाव साधं ठेवा, घर किंवा शेअर असं काहीतरी, इंग्रजी अक्षरांत. पासवर्ड जरा लांब ठेवा, नुसता मोबाइल नंबर किंवा गाडीचा नंबर नको. तीन सिक्युरिटी प्रश्न विचारेल, उत्तरं देऊन टाका. हा युजर स्टँडर्डच ठेवायचा, ॲडमिन करायचा नाही. या युजरने कोणी त्या कॉम्प्युटरवर बसणार नाहीये, तो फक्त नेटवर्कवरून आत यायची चावी आहे.

लोक विचारतात की माझंच अकाउंट वापरलं तर काय बिघडलं? चालतं, पण दोन अडचणी. विंडोज सुरू करताना तुम्ही चार आकड्यांचा पिन टाकता, तो पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून येताना तो चालत नाही, तिथे अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो आणि तो कोणालाच आठवत नसतो. पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही ही जी तक्रार असते ना, तिथे बहुतेक वेळा माणूस पिन टाकत असतो. आणि दुसरी अडचण, तुमचा मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड म्हणजे तुमचा ईमेल, वनड्राइव्ह, सगळं. तो घरातल्या पाच मशीनवर आणि टीव्हीवर सेव्ह करून ठेवायचा नसतो.

फोल्डर शेअर करणे

फोल्डर नवीन बनवा, आणि डी ड्राइव्हवर बनवा, डी नसेल तर थेट सी ड्राइव्हच्या आत, बाकी कुठल्या फोल्डरमध्ये नाही. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधला फोल्डर शेअर करायचा मोह होतो पण तो टाळा, कारण तिथलं काही साध्या पद्धतीने शेअर केलं की विंडोज वरचा पूर्ण युजर्स फोल्डरच नेटवर्कवर दाखवायला लागतं आणि रस्ता लांबलचक होतो, शिवाय आजकाल हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात आणि फाइल खरी डिस्कवर आहे का ढगात तेच कळत नाही. अख्खा ड्राइव्ह तर कधीच शेअर करू नका.

समजा फोल्डरचं नाव सामायिक. फोल्डरचं नाव मराठीत चालतं, आतल्या फाइलची नावंही मराठीत चालतात, काही होत नाही. पण शेअर केलेल्या मुख्य फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलं तर दुसऱ्या मशीनवर, टीव्हीवर टाइप करायला सोपं जातं.

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब. तिथे दोन बटणं आहेत, शेअर आणि ॲडव्हान्स्ड शेअरिंग. नवीन माणसाने पहिलं घ्यावं. विंडोजमध्ये परवानग्या दोन थरांत असतात, एक नेटवर्कची आणि एक डिस्कवरच्या फोल्डरची, जी सिक्युरिटी टॅबमध्ये दिसते, आणि दोन्हींपैकी जी जास्त कडक तीच लागू होते. ॲडव्हान्स्डवरून फक्त पहिली बदलते, मग फोल्डर दिसतो पण उघडताना ॲक्सेस डिनाइड. साधं शेअर बटण दोन्ही थर आपणच जुळवून देतं.

शेअर दाबल्यावर यादी येते, त्यात आपला नवीन युजर निवडा, ॲड करा, आणि त्याच्यापुढे रीड किंवा रीड-राइट निवडा. इथे जरा थांबून विचार करा. जे फक्त बघायचंय ते रीड ठेवा: फोटो, सिनेमे, गाण्यांची रेकॉर्डिंग, कागदपत्रांचे स्कॅन. रोजच्या देवघेवीसाठी एक छोटा वेगळा फोल्डर रीड-राइट ठेवा. लहान मुलं असतील तर हे करायलाच हवं, कारण नेटवर्कवरच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट उडते. यादीत एव्हरीवन आपणहून आलेलं असेल तर काढून टाका.

दुसऱ्या मशीनवरून उघडणे

फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे नेटवर्क असतं, त्यात हॉलपीसी दिसायला हवा. दिसला तर उत्तम. नाही दिसला तरी घाबरू नका, ती यादी फार लहरी आहे, कधी दिसतं कधी नाही, आणि यादीत दिसत नाही म्हणजे शेअरिंग बिघडलंय असं नसतं. सरळ वरच्या ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश आणि पुढे कॉम्प्युटरचं नाव टाइप करा, \\हॉलपीसी असं, इंग्रजी अक्षरांत, आणि एंटर. नावाने नाही आलं तर \\१९२.१६८.१.१० असा आयपी टाका, आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरून. बॅकस्लॅश म्हणजे डावीकडे झुकलेली रेघ, वेबसाइटच्या पत्त्यात असते ती नाही.

आयपीने उघडतं आणि नावाने नाही, असं असेल तर नाव ओळखण्यातच अडचण आहे, शेअरिंग बरोबर आहे. दोन्हीने नाही उघडलं तर परत मेन मशीनवर जाऊन प्रायव्हेट प्रोफाइल आणि फाइल शेअरिंग ऑन आहे का बघा. इथे पिंग करून, म्हणजे पिंग कमांडने दुसरं मशीन उत्तर देतं का ते बघणारे असतात, ते चांगलं आहे, पण लक्षात घ्या की फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करेपर्यंत विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देईलच असं नाही, म्हणून पिंग आलं नाही म्हणजे नेटवर्क तुटलंय असा निष्कर्ष लगेच काढू नका.

आता युजर नेम आणि पासवर्ड विचारेल. युजर नेममध्ये नुसतं घर न लिहिता आधी मेन कॉम्प्युटरचं नाव, मग बॅकस्लॅश, मग युजर, म्हणजे हॉलपीसी\घर असं लिहा, म्हणजे विंडोजला कळतं की हा युजर त्या मशीनवरचा आहे, या नाही. खाली रिमेंबर माय क्रेडेन्शियल्सवर खूण करा. फोल्डर उघडला पाहिजे.

उघडला की त्याच्यावर राइट क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह घ्या, एखादं अक्षर द्या, झेड वगैरे. मग तो धिस पीसीमध्ये ड्राइव्हसारखा दिसतो आणि घरातल्या मोठ्या माणसांना बॅकस्लॅश वगैरे काही शिकवावं लागत नाही, झेड उघडायचं आणि फोटो बघायचे.

पहिल्या वेळी चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला तर विंडोज तोच परत परत पाठवत राहतं. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्सखाली त्या कॉम्प्युटरची नोंद असते, ती काढा आणि परत लॉगिन करा. आणि एकाच मशीनला दोन वेगळ्या युजरने एकाच वेळी जोडता येत नाही असा एरर आला तर सगळं बंद करून एकदा साइन आउट करून या, जुनं कनेक्शन सुटतं.

पत्ता बदलू नये म्हणून

राउटर रीस्टार्ट झाला की आयपी बदलू शकतो. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, राउटर बंद होऊन चालू होतो, आणि शुक्रवारी बाबा म्हणतात फोटो उघडत नाहीयेत. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲड्रेस रिझर्वेशन करा, कुठे त्याला स्टॅटिक लीज म्हणतात कुठे आयपी-मॅक बाइंडिंग, म्हणजे राउटर त्या मशीनला कायम तोच पत्ता देतो. वायफायवर असाल तर विंडोजमधलं रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस (मशीनची खरी ओळख लपवून बनावट हार्डवेअर पत्ता दाखवणारं सेटिंग) ऑफ पाहिजे, नाहीतर राउटर मशीनला ओळखणारच नाही.

मेन मशीन झोपलं तर फाइल मिळत नाहीत, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा किंवा निदान चार-पाच तास ठेवा. स्क्रीन बंद झाली तर चालते.

स्पीड

इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे का ५० चा याचा इथे काहीही संबंध नाही. संबंध आहे तो केबलचा, पोर्टचा आणि वायफायचा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवरून सेकंदाला साधारण ११ एमबी फाइल जाते, गिगाबिटवरून साधारण ११० एमबी. म्हणजे तेच लग्नाचे २० जीबी एकीकडे अर्धा तास आणि दुसरीकडे तीन-साडेतीन मिनिटं, डिस्क तेवढी वेगवान असेल तर. हजारो छोटे फोटो असतील तर दोन्हीकडे जास्त वेळ लागतो, एक मोठी फाइल नेहमी पटकन जाते.

दोन्ही लॅपटॉप वायफायवर असतील तर प्रत्येक गोष्ट आधी हवेतून राउटरकडे जाते आणि परत हवेतून दुसऱ्याकडे येते, स्पीड जवळपास निम्मा होतो. म्हणून मेन मशीनला तरी केबल लावाच, फरक लगेच जाणवतो. २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय घ्या, सोसायटीत प्रत्येक मजल्यावर चार राउटर असतात आणि २.४ वर सगळ्यांची गर्दी असते. ५ ला भिंती कमी मानवतात हे खरं, पण एकाच खोलीत असाल तर तेच बरं.

केबल आणायला तपकीर गल्लीत गेलात तर कॅट ६ मागा आणि शुद्ध तांब्याची आहे ना ते विचारून घ्या, सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार, ती स्वस्त पडते पण लांब अंतरावर त्रास देते. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. जुन्या घरात कधी कधी चारच तारा जोडून केबल क्रिम्प केलेली असते, मग राउटर कितीही भारी असला तरी १०० वरच अडकतो. विंडोजमध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १००० च्या जागी १०० दिसला तर केबल नाहीतर पोर्ट बघा. फायबरच्या डब्यांवर बरेचदा चारातलं एकच पोर्ट गिगाबिट असतं, त्याच्यावर तसं लिहिलेलंही असतं.

मोठं काही हलवायचं असेल तर कट-पेस्ट करू नका, कॉपी करा, दोन-चार फाइल उघडून बघा आणि मगच मूळ काढा. मध्येच लाईट जाण्याची भीती असेल तर विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची कमांड आहे, ती परत चालवली की आधी झालेल्या फाइल सोडून देते आणि राहिलेल्याच घेते.

मॅक, लिनक्स, फोन

मॅकवरून विंडोजचा फोल्डर उघडायला फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा आणि इंग्रजीत टाइप करा एसएमबी (विंडोज फाइल शेअर करायला वापरतं ती पद्धत), कोलन, दोन फॉरवर्ड स्लॅश आणि आयपी. युजर पासवर्ड तोच, आपण बनवलेला. मॅकमधलं विंडोजला द्यायचं असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंग, आणि त्याच्या ऑप्शन्समध्ये विंडोज फाइल शेअरिंगखाली तुमच्या अकाउंटवर खूण करायला विसरू नका.

जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही म्हणून भंगारात काढायचा विचार असेल तर त्याच्यावर लिनक्स मिंट टाकून त्यालाच मेन मशीन करा, फार छान काम करतो. लिनक्सवर हे काम साम्बा नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं, अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलेलं, आजही तेच जगभर वापरतात. मिंटमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून शेअरिंग ऑप्शन्स आहेत. एकच लक्षात ठेवा की साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या लॉगिन पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तो एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने सुडो लावून, पुढे डॅश ए आणि युजरचं नाव देऊन, वेगळा सेट करावा लागतो.

आयफोनमध्ये फाइल्स ॲपमध्ये तीन टिंबांखाली कनेक्ट टू सर्व्हर आहे, २०१९ च्या आयओएस १३ पासून. सॅमसंगच्या माय फाइल्समध्ये नेटवर्क स्टोरेज आहे. बाकी अँड्रॉइडवर आणि अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाका, ते लोकल नेटवर्कवरचे शेअर शोधून सिनेमा थेट चालवतं, कॉपी करायची गरज नाही.

एखादीच फाइल द्यायची असेल, रोजचं नसेल, तर एवढा सगळा खटाटोप कशाला, लोकलसेंड नावाचं फुकट ॲप दोन्हीकडे टाका, विंडोज, मॅक, लिनक्स, फोन सगळ्यांवर चालतं आणि घराबाहेर काही जात नाही.

जुनी मशीन्स आणि एसएमबी १

एखादा एक्सपीवाला कॉम्प्युटर किंवा जुनी नेटवर्क डिस्क जोडायची असेल तर सल्ला मिळतो की विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १, म्हणजे त्याच पद्धतीची जुनी आवृत्ती, चालू करा. नका करू. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच जुन्या एसएमबीच्या भोकातून जगभर पसरलं, आणि पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने तेच भोक वापरलं, तेव्हा आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्यानंतर विंडोजमध्ये एसएमबी १ मुळात टाकलेलंच नसतं. एक्सपीमधला डेटा हवाय तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि एकदाच उतरवून घ्या. राउटरमध्ये फाइल शेअरिंगचं ४४५ नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं करून ऑफिसातून घरचे फोटो बघण्याची आयडियाही सोडून द्या.

मराठी फाइल नीट दिसत नाही?

हे नेटवर्कचं नाही पण शेअरिंग सुरू झालं की हमखास विचारलं जातं. घरात कोणी डीटीपीचं काम करत असेल, दिवाळी अंकाचा मजकूर, पत्रिका वगैरे, तर जुन्या फाइल श्रीलिपीसारख्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये असतात. फाइल शेअरवरून उघडते पण दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसतो म्हणून कचरा अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नाहीये, ती तशीच सेव्ह करू नका. नुसती वाचायची असेल तर मूळ मशीनवर पीडीएफ करून घ्या.

आणि वर्डची फाइल दोघांनी एकदम उघडली तर दुसऱ्याला ती एडिटिंगसाठी लॉक आहे असं सांगितलं जातं, ते बरोबरच आहे. पहिला माणूस बंद करेपर्यंत थांबा, किंवा रीड-ओन्ली उघडून वाचा.

कोणाला काय दिलंय ते अधूनमधून बघा

मेन मशीनवर स्टार्टमध्ये कॉम्प्युटर मॅनेजमेंट शोधा, त्यात शेअर्ड फोल्डर्सखाली शेअर्स असतं, तिथे या मशीनवरून काय काय शेअर होतंय ते सगळं दिसतं. शेवटी डॉलरचं चिन्ह असलेली नावं विंडोजची स्वतःची असतात, ती राहू द्या. बाकी एखादं नाव ओळखीचं वाटलं नाही किंवा आता नको असेल तर राइट क्लिक, स्टॉप शेअरिंग. फोल्डर आणि फाइल जागेवरच राहतात, फक्त नेटवर्कवरून दिसणं थांबतं. शेजारच्याच सेशन्समध्ये आत्ता कोण जोडलेलं आहे तेही कळतं.

फ्लॅटमधला एखादा रूममेट सोडून गेला किंवा कोणाचा लॅपटॉप विकला तर त्या घर युजरचा पासवर्ड बदला आणि उरलेल्या मशीनवर नवीन टाका. म्हणूनच तो युजर वेगळा हवा होता, तुमच्या स्वतःच्या अकाउंटला हातही लावावा लागत नाही. आणि ही शेअर केलेली फाइल म्हणजे बॅकअप नव्हे, ती एकाच डिस्कवर आहे. वर्षाचे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काम झालं की कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा.